मिस्त्रींचे हात

लेक दुकानात शिरली तेव्हा माई एका फोटोच्या चौकटीला मागून पुठ्ठा बसवत होती. शनिवारची दुपार. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. माईचे यजमान मिस्त्री एका शाळेच्या खिडक्यांना काचा बसवायला गेले होते. लेकीच्या खांद्याला एकच पिशवी होती.

"दोन दिवस राहीन म्हणते," ती म्हणाली.

"राहा की, विचारतेस काय," म्हणत माई आतल्या खोलीत चहा टाकायला गेली.

चहाचा कप लेकीने डाव्या हाताने घेतला.

"उजव्या हाताला काय झालं?"

"काही नाही गं. दारात सापडला."

दारात सापडला, पायरीवरून घसरले, कपाटाचा कोपरा लागला, ही वाक्यं तिने स्वतः वर्षानुवर्षं वापरली होती. शेजारणींसमोर, दवाखान्यात, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांसमोर. कुठलं वाक्य कुठल्या जखमेला शोभतं हेसुद्धा तिला पाठ होतं. तिने कप बाजूला ठेवला आणि लेकीची बाही हळूच वर सरकवली. मनगट टम्म सुजलं होतं आणि त्याच्या वर बोटांचे निळे वळ होते, एकाखाली एक.

"पहिल्यांदाच?" माईने विचारलं.

लेक कपात बघत राहिली. माईला तेवढं उत्तर पुरलं.

"बाबांना सांगू नकोस," लेक म्हणाली. "उद्या त्यांचा एवढा मोठा दिवस."

दिवस मोठा होता खरा. उद्या चर्चच्या उपासनेत मिस्त्रींना मंडळीचे वडील, म्हणजे पाळकांच्या बरोबरीने मंडळी सांभाळणारे, म्हणून नेमणार होते. पाळकसाहेब महिनाभर प्रवचनात बायबलमधल्या आत्म्याच्या फळांवरच बोलत होते. प्रीती, शांती, सौम्यता, संयम असा एकेक विषय घेत, आणि दर रविवारी कुठे ना कुठे मिस्त्रींचं नाव यायचंच. एके काळी राग ज्याच्या नाकाच्या शेंड्यावर होता तो माणूस आज काचेसारखी नाजूक वस्तू हातात घेऊन पोट भरतो आणि कोणाला वावगा शब्द बोलत नाही. फळ म्हणतात ते हे. लोक माना वळवून मिस्त्रींकडे बघायचे. मिस्त्री स्वतःच्या बुटांकडे बघायचे. आणि माई समोर बघत बसायची, कारण लोक मग तिच्याकडेही बघायचे आणि तिने कसा चेहरा करायचा ते तिला कधीच कळलं नाही.

मिस्त्री बदलले होते, यात खोटं काही नव्हतं. पूर्वी ते मारायचे. दारूचं निमित्तही नव्हतं; दारूला त्यांनी कधी हात लावला नाही. डोक्यात सणक गेली की समोर जे येईल ते, आणि समोर बहुतेक वेळा माई असायची. मग एकदा दुकानात काचेचं अख्खं पान, दाराएवढं, त्यांच्या अंगावर घसरलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत फाटले. टाके घालून, दोन्ही हात बँडेजमध्ये बांधून ते घरी आले, तेव्हा शाळकरी लेक त्यांना बघून दारामागे लपली. ज्या हातांनी साधा चमचाही उचलता येत नव्हता त्या हातांना ती घाबरली होती. मिस्त्री दारात तसेच उभे राहिले. पुढच्या रविवारी ते पहिल्यांदा मंडळीत जाऊन अगदी मागच्या बाकावर बसले, आणि त्यानंतर त्यांनी माईवर हात उगारला नाही.

हे सगळं माईला मान्य होतं. तरी इतक्या वर्षांनंतरही संध्याकाळी व्हॅन दारात थांबली की आधी तिचा श्वास थांबायचा आणि मग ती ऐकायची: दार कसं आपटलं, पाऊल कसं पडलं. आज तिला दोन गोष्टींची भीती वाटत होती आणि त्यातली कुठली जास्त वाईट हे तिला ठरवता येत नव्हतं. मिस्त्रींना कळलं तर ते जाऊन जावयाचा जीव घेतील, ही एक. आणि त्यांना कळूनही ते खाली मान घालून बसतील, उद्याच्या नेमणुकीसाठी मूग गिळतील, ही दुसरी.

तिने लेकीला आपला ढगळ स्वेटर दिला. "हा घाल. बाह्या लांब आहेत."

व्हॅन आली. मिस्त्रींनी काच उचलायच्या रबरी वाट्या आणि हत्यारांची पेटी व्हॅनमध्येच ठेवली आणि ते आत आले. लेकीला बघून चेहरा खुलला.

"आलीस होय? बरं केलंस. जावई कुठे?"

"त्यांची गाण्याची तालीम आहे," लेक म्हणाली.

जावई मंडळीत कीबोर्ड वाजवायचा, गायनात पुढे असायचा. विमा कंपनीत चांगली नोकरी, गोड गळा, वडीलधाऱ्यांशी अदबीनं बोलणं. लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी माईला सांगितलं होतं की सोन्यासारखा मुलगा मिळाला.

मिस्त्री टेबलापाशी बसले. "जरा पाण्याचा तांब्या दे गं इकडे."

लेकीने तांब्या डाव्या हाताने उचलला. तो भरलेला होता, जड होता. उजवा हात आपोआप मदतीला पुढे आला आणि मध्येच थबकला. पाणी टेबलावर सांडलं.

मिस्त्री सांडलेल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "हात दाखव."

"बाबा, काही नाही झालं."

"चिऊ. हात दाखव."

लेकीने बाही वर केली. मिस्त्री त्या वळांकडे बघत राहिले. त्यांनी आपली बोटं वळांच्या जवळ नेली, मापाला धरावी तशी, पण टेकवली नाहीत. मग हात मागे घेतला, उठले, आणि मोरीपाशी जाऊन हात धुवायला लागले.

ते बराच वेळ हात धुत होते. माई त्यांच्या पाठीकडे बघत होती. ओरडणाऱ्या मिस्त्रींची तिला कधी फार भीती वाटली नव्हती. ओरडणं हे पावसाआधीच्या वाऱ्यासारखं, अंदाज द्यायचं. ते गप्प झाले की मात्र तिला भीती वाटायची. ते गप्प होते, आणि नळ बंद केल्यावर त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासत होता, पुढे-मागे, पुढे-मागे. ही खूण माईने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. ती विसरलीही नव्हती.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली आणि पाळकसाहेबांचा आवाज आला. "मिस्त्री, आहात का घरात?"

लेक पटकन पडद्यामागच्या खोलीत गेली.

पाळकसाहेब वयाने मिस्त्रींपेक्षा बरेच लहान, मनाने चांगले. आजारी माणसाच्या उशाशी रात्ररात्र बसणारे. त्यांनी बसायला नको म्हटलं आणि मग बसलेही.

"जावयाचा फोन आला होता," ते म्हणाले. "फार रडत होता बिचारा. घरात काहीतरी बोलाचाली झाली, ताई रागाच्या भरात निघून आल्या म्हणे. नवरा-बायकोत चालायचंच. मी म्हटलं, आजच्या आज मिटवून टाकू."

"काय मिटवायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"म्हणजे ताईंना संध्याकाळपर्यंत घरी पोचवलं की झालं. मी स्वतः बरोबर येतो, प्रार्थना करू. उद्या तुमची नेमणूक, जावई गायनाला, चार लोकांत उगाच चर्चा कशाला? त्याने हात लावला असेल तर चूकच आहे, मी त्याला सांगेन. पण मिस्त्री, सहनशीलता हेसुद्धा फळच आहे ना?" ते माईकडे वळले. "माईंचंच बघा. माईंनी केवढा धीर धरला. आज त्याचं फळ सगळी मंडळी बघतेय."

माईला वाटलं, तिच्या अंगावरचं काहीतरी कोणीतरी न विचारता काढून घेतलं आणि चौकात टांगलं.

पडदा सरला. लेक बाहेर आली. स्वेटरची बाही अजून वरच होती, आणि पाळकसाहेबांची नजर तिथे गेली, आणि खाली वळली.

"आई," लेक म्हणाली, "तू धीर धरलास म्हणून बाबा बदलले का?"

"चिऊ, आत्ता नको."

"आत्ताच सांग. तसं असेल तर मी जाते परत. पण मला खरं सांग."

माईने मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांचा अंगठा थांबला होता. या प्रश्नाचं उत्तर तिने आजवर कोणाला दिलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना उत्तर आधीच ठाऊक असायचं.

"मी धीरबीर काही धरला नव्हता," ती म्हणाली. "मला जायला जागा नव्हती. माझा बाप वारला होता, भाऊ दाराशी उभं करत नव्हता, आणि कडेवर तू होतीस. असती जागा तर मी पहिल्याच वर्षी गेले असते." ती पाळकसाहेबांकडे वळली. "देवाने यांना बदललं ते माझ्या मार खाण्याने नाही. ते देवाचं आहे आणि यांचं आहे. माझ्या मार खाण्याचं कौतुक करू नका, पाळकसाहेब. त्याला फळ म्हणू नका."

पाळकसाहेब उठून उभे राहिले.

मिस्त्रींनी खिळ्यावरची व्हॅनची किल्ली काढली.

"कुठे निघालात?" माईने विचारलं.

"हिचं सामान आणायला."

"मी येते."

"मीपण," लेक म्हणाली. "माझे कागद कुठे आहेत ते मलाच माहीत."

"मी येऊ का बरोबर?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नको," मिस्त्री म्हणाले. त्यात राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं.

व्हॅनमध्ये पुढच्या सीटच्या पायाशी हत्यारांची पेटी उघडीच होती. हातोडी वर होती. माईने चढता चढता ती पायाने सीटखाली सरकवली. मिस्त्रींनी ते पाहिलं. गाडी सुरू केली. सगळी वाट त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही, कोणाला ओलांडलं नाही, प्रत्येक सिग्नलला थांबले. मन मोकळं असलं की मिस्त्री रस्त्यावरच्या मूर्खांवर बडबडायचे. आज रस्ता मूर्खांनी भरला होता आणि ते बडबडत नव्हते. मागे बसलेली लेक हात मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होती.

जावयाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. त्याने दार उघडलं, तिघांना बघून क्षणभर गोंधळला आणि लगेच बाजूला झाला.

"या ना बाबा. आई, बसा. मी आत्ता तुमच्याकडेच यायला निघालो होतो." डोळे लाल होते, रडला असावा. "माझं चुकलं. मी पाळकसाहेबांनाही सांगितलं. कामाचा ताण फार आहे सध्या. हिला विचारा, मी हिला किती जपतो."

"सामान घे चिऊ," मिस्त्री म्हणाले.

लेक आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. जावयाने तिकडे पाहिलं, पुन्हा मिस्त्रींकडे पाहिलं. "सामान कशाला? बाबा, बसून बोलू या. घरातली गोष्ट घरात राहू दे."

कोणी बसलं नाही. हॉल नीटनेटका होता. कीबोर्डवर इस्त्री केलेलं कापड घातलेलं, भिंतीवर त्या दोघांचा लग्नाचा फोटो. त्याची चौकट माईनेच केली होती, कोपरे जुळवायला तिने अख्खी सकाळ घालवली होती.

लेक एक बॅग आणि कागदांची फाइल घेऊन खोलीच्या दारापर्यंत आली. जावई पुढे झाला आणि त्या दारात उभा राहिला.

"तू कुठे जाणार नाहीस," तो म्हणाला. हळू आवाजात, जवळजवळ प्रेमाने.

"वाट सोड," मिस्त्री म्हणाले.

जावयाचा चेहरा बदलला. माईने तो बदल ओळखला. माणूस तोच राहतो आणि डोळ्यांमागून कोणीतरी उठून निघून जातं.

"तुम्ही मला शिकवणार?" तो म्हणाला. "तुम्ही? मला सगळं सांगितलंय हिने. आईंना डाव्या कानाने ऐकू का येत नाही ते मला माहीत आहे. सांगू मंडळीत? उद्याच सांगतो, नेमणुकीच्या वेळी. बघू मग कोण कोणाला वडील करतं."

माईचा हात नकळत कानाकडे गेला. मिस्त्रींचा अंगठा पुन्हा घासायला लागला होता. ते एक पाऊल पुढे झाले, आणखी एक. माईचे पाय जमिनीला खिळले होते, पूर्वी खिळायचे तसेच.

"सांग," मिस्त्री म्हणाले. "माझ्याच हाताने झालं ते. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. मी तुझ्यापेक्षा चांगला आहे म्हणून नाही आलो इथे." त्यांना दम लागला होता, जिने आत्ता चढल्यासारखा. "हिच्या आईचा बाप नव्हता. मला थांबवायला कोणी आलं नाही. हिचा बाप आहे. तो आलाय. वाट सोड."

जावयाने त्यांना ढकललं. मिस्त्री मागे गेले, कीबोर्डच्या स्टँडला अडकले, कसेबसे सावरले. जावयाने हात उगारला. मिस्त्रींवर की मागे उभ्या लेकीवर, ते पुढे कोणालाच नक्की सांगता आलं नाही. तो हात खाली यायच्या आत मिस्त्रींनी त्याचं मनगट पकडलं.

आयुष्यभर काचेची पानं उचललेली ती पकड. जावयाने हिसका दिला, मनगट सुटलं नाही. दुसऱ्या हाताने तो मिस्त्रींच्या खांद्यावर बुक्क्या मारत होता, मिस्त्री हलत नव्हते. मिस्त्रींनी मनगट थोडं पिरगाळलं. जावयाचे गुडघे वाकले. आणखी थोडं. तो जमिनीवर टेकला आणि कुत्र्याच्या पिल्लासारखा बारीक आवाज त्याच्या तोंडून निघाला.

माईने मिस्त्रींचा चेहरा पाहिला. तो शांत होता. त्या शांततेची तिला ओळख होती. आणि तिला कळलं की अजून एवढंसं, चिमूटभर जोर, की हाड जाईल. मिस्त्रींना ते माहीत आहे. आणि ते थांबायचं ठरवून थांबलेले नाहीत, फक्त त्या टोकाशी उभे आहेत. तिला हेही कळलं की आपल्या मनाचा एक कोपरा ते हाड मोडायची वाट बघतोय.

"अहो," ती म्हणाली.

मिस्त्रींनी ऐकलं नसावं.

"अहो, सोडा."

काही नाही. मग लेक म्हणाली, "बाबा." रागाने नाही, विनवणीनेही नाही. नुसतं बाबा.

मिस्त्रींची बोटं उघडायला लागली. एकदम नाही. आधी करंगळी, मग एकेक करत, जड काच टेबलावर टेकवताना उघडावीत तशी, आणि शेवटी अंगठा. जावई मनगट पोटाशी धरून भिंतीला टेकून बसला. तो आता खरंच रडत होता.

"दवाखान्यात जा, दाखवून घे," मिस्त्री त्याला म्हणाले. "मोडलेलं नाही. पण दाखव." मग लेकीच्या हातातली बॅग घेतली.

व्हॅनमध्ये बसल्यावर त्यांना किल्ली घालता येईना. ती दोनदा खाली पडली. माईने ती उचलून लावून दिली.

"मला सोडायचं नव्हतं," मिस्त्री समोर बघत म्हणाले. "बरं वाटत होतं मला. इतक्या वर्षांनी, आणि बरं वाटत होतं."

"माहीत आहे," माई म्हणाली.

"मग गेलं कुठे सगळं? एवढी वर्षं काय केलं मी?"

मागून लेक म्हणाली, "सोडलंत ना बाबा. चला आता, घरी चला."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री नेहमीच्या वेळी मंडळीत गेले. जावई आला नव्हता. कीबोर्ड बंद होता आणि गाणी जरा इकडेतिकडे झाली. प्रवचन झालं, आणि पाळकसाहेबांनी मिस्त्रींना पुढे बोलावलं. ते पुढे गेले आणि लोकांकडे वळले. बोलायची सवय नव्हती, त्यामुळे आवाज फार मोठा लागला.

"मला नेमू नका," ते म्हणाले. "मी माझ्या बायकोला मारायचो. तिचा डावा कान माझ्यामुळे गेला. तुम्ही माझं कौतुक करता तेव्हा ती समोर बसलेली असते. मी त्याची माफी देवाकडे मागितली. तिच्याकडे कधी मागितली नाही. आणि काल मी एका माणसाचा हात मोडता मोडता राहिलो. माझं झाड तुम्ही समजता तेवढं वाढलेलं नाही. एवढंच." आणि ते जाऊन आपल्या बाकावर बसले.

कोणी खोकलं. कोणीतरी मुलाला गप्प केलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि मध्येच ती सोडून शेवटचं गीत सांगितलं.

घरी आल्यावर मिस्त्री माईसमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी माफी मागितली. कशाकशाची, ते एकेक करून सांगितलं. काही गोष्टी माई विसरली होती. त्या त्यांना आठवत होत्या. ती ऐकत राहिली.

"मी लगेच हो म्हणणार नाही," शेवटी ती म्हणाली.

"नको म्हणूस."

"कानाच्या डॉक्टरकडे चला माझ्याबरोबर. मी एकटी गेले की पडले म्हणून सांगते. या वेळी तुम्ही सांगा."

ते गेले. डॉक्टरने कानात दिवा घालून पाहिलं आणि विचारलं, "हे कशाने झालं?" आणि मिस्त्री म्हणाले, "माझ्या हाताने. मी मारलं होतं." डॉक्टरने वर पाहिलं, त्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि पुढचा प्रश्न माईला विचारला. कान बरा व्हायचा नव्हता, मशीन लावता आलं असतं. बाहेर आल्यावर माई म्हणाली, "विचार करते." मशीनचा की दुसऱ्या कशाचा, हे मिस्त्रींनी विचारलं नाही.

लेक एक्स-रे काढायच्या केंद्रात कामाला होती. सोमवारी ती कामावर गेली, रोज दुसऱ्यांना जिथे हात ठेवायला सांगायची तिथे स्वतःचा हात ठेवला, आणि मैत्रिणीने बटण दाबलं. मनगटाच्या हाडाला बारीक तडा होता. प्लास्टर घालून, तो एक्स-रे घेऊन ती पोलीस चौकीत गेली आणि तक्रार लिहून आली. जावयाच्या घरच्यांनी आधी विनवण्या केल्या, मग धमक्या दिल्या. त्याच्या मनगटाचीही उलट तक्रार झाली. मिस्त्रींनी चौकीत जाऊन, होय, मी पिरगाळलं, असं सांगितलं आणि सही केली. मंडळीतल्या काही घरांनी दुकानात येणं बंद केलं. एका बाईने तर, घर जोडायचं सोडून मोडायला निघालीस, असं माईला तोंडावर सुनावलं. माईने तिची चौकट तरीही वेळेवर करून दिली.

पाळकसाहेब मात्र एका संध्याकाळी आले. या वेळी त्यांनी आल्या आल्या प्रार्थना केली नाही. लेकीसमोर बसले आणि म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी तुमचा हात पाहिला आणि मान खाली घातली. मला काय झालं ते सगळं सांगा, मी ऐकायला आलोय." लेक बोलत राहिली, ते ऐकत राहिले, चहा तसाच गार झाला. पुढच्या आठवड्यापासून कीबोर्डवर दुसरं कोणी बसलं. सगळ्यांना आवडलं नाही. पण त्या वर्षी पाळकसाहेबांनी फळांवर पुन्हा बोलताना कोणाचंही नाव घेतलं नाही.

मिस्त्री वडील झाले नाहीत. पुढे कोणी विचारलंही नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. उपासनेनंतर खुर्च्या उचलून ठेवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. माईने त्यांच्या माफीला हो म्हटलं की नाही? काही सकाळी ती उठायची आणि वाटायचं, झालं, सुटलं. काही सकाळी सगळं पुन्हा जसंच्या तसं असायचं. ते तिने त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले.

थंडी सरता सरता एक दिवस मंडळीतली एक बाई दुकानात आली. ओळखीची, पण बोलणं कधी झालं नव्हतं. हातात एक छोटा फोटो होता, त्याला आधीच चांगली चौकट होती.

"ही बदलायची आहे," ती म्हणाली. "म्हणजे, बदलायला हवी का, ते विचारायला आले."

"बघू," माई म्हणाली. तिने चौकट उलटसुलट करून पाहिली. काही बदलायची गरज नव्हती. बाई जायचं नाव घेत नव्हती. ती काचांकडे बघत होती, दाराकडे बघत होती, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

मिस्त्रींनी टेबलावरून मान वर केली. एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकदा माईकडे. मग हातातलं काम खाली ठेवलं, "मी जरा पुठ्ठा घेऊन येतो," म्हणाले आणि बाहेर पडले. पुठ्ठा दुकानात भरपूर होता.

माईने स्टुलावरचं सामान काढून खाली ठेवलं, स्टूल आपल्या उजव्या बाजूला ओढलं, जिकडून तिला नीट ऐकू यायचं.

"बसा," ती म्हणाली. "मला कसली घाई नाही."